अंबाडीचे पान आणि गांजाचा कायदा

बीड शहराच्या दक्षिणेला, मांजरसुंब्याजवळ, बालाघाटाच्या डोंगरात कपिलधार आहे. येथे मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबर कर्नाटक आणि तेलंगणातूनही भाविक येतात. यात्रेची गर्दी नसते तेव्हा ही जागा वनस्पतींच्या निरीक्षणासाठी फार चांगली आहे. धबधब्याजवळची ओलसर कपार आणि वरचे कोरडे माळरान, दोन्ही एका सकाळीत पाहून होतात. पावसाळा संपता संपता काही शिक्षक आणि अकरावी-बारावीचे विद्यार्थी यांच्यासोबत आम्ही तेथे गेलो होतो.

परतताना शेताच्या बांधावरून एका मुलाने एक पान तोडून आणले. पंजासारखे, पाच लांब बोटांचे, कडांना करवतीसारखे दाते असलेले. "सर, गांजा!" तो हळूच म्हणाला. मुले हसू लागली. एक शिक्षक घाबरून म्हणाले, "टाक ते आधी!" शेताचे मालक तेथेच होते. त्यांनी पान पाहिले आणि म्हणाले, "अहो, अंबाडी आहे ती. दोर वळायला लावतो आम्ही."

हशा पिकला, पण त्या मुलाचा प्रश्न संपला नाही. "खरंच गांजा असता तर गुन्हा झाला असता का? पणजोबांच्या वेळी तो दुकानात मिळायचा म्हणतात. अमेरिकेतल्या काही राज्यांत आता पुन्हा मिळतो. झाड तर तेच आहे. मग गुन्हा नक्की कशात असतो?"

या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देणे आम्हाला जमले नाही. ते देण्यासाठी थोडे वनस्पतिशास्त्र, थोडे रसायनशास्त्र आणि बराच इतिहास लागतो. हा लेख म्हणजे त्या मुलाला दिलेले उशिराचे उत्तर आहे.

नावांचा घोटाळा

त्या मुलाची चूक अगदीच क्षम्य होती. अंबाडीचे शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस आहे. गांजाच्या झाडाचे नाव कॅनाबिस सटायव्हा. पाने गांजासारखी, म्हणूनच अंबाडीला 'कॅनाबिनस' हे विशेषण मिळाले. इंग्रजांच्या व्यापारी कागदपत्रांत तर घोटाळा आणखी मोठा आहे. त्यांनी दोर देणाऱ्या बऱ्याच झाडांना 'हेंप' म्हटले. अंबाडी 'डेक्कन हेंप' झाली, ताग 'सन हेंप' झाला, आणि गांजाचे झाड 'इंडियन हेंप' झाले. खरे पाहता अंबाडी भेंडीच्या कुळातली, ताग हरभऱ्या-तुरीच्या कुळातला आणि गांजा तिसऱ्याच कुळातला.

ओळख पटवणे मात्र कठीण नाही. अंबाडीचे पान एकच असते, फक्त खोलवर चिरलेले. गांजाचे पान संयुक्त असते, म्हणजे त्याच्या पर्णिका देठाच्या टोकापर्यंत सुट्या असतात. अंबाडीचे फूल भेंडीच्या फुलासारखे मोठे, फिकट पिवळे आणि मध्ये गडद रंगाचे असते. गांजाच्या फुलाला पाकळ्याच नसतात, कारण त्याचे परागण वारा करतो, कीटक नव्हे. शिवाय गांजाची नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढचा सारा कायदा तिच्याभोवती फिरतो. मादी झाडाच्या फुलोऱ्यावर सूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांत राळेसारखा चिकट पदार्थ तयार होतो. नशा आणणारी द्रव्ये मुख्यतः या राळेत असतात. नर झाडे वेळीच उपटून टाकली तर मादी फुलांत बी धरत नाही आणि राळ जास्त मिळते. वाळवलेला मादी फुलोरा म्हणजे गांजा, वेगळी काढलेली राळ म्हणजे चरस, आणि पाने वाटून केलेली ती भांग. एकाच झाडाचे तीन पदार्थ, तिघांची तीव्रता वेगळी, आणि पुढे तिघांचे कायदेही वेगळे झाले.

नगरचे पीक

आपल्या भागात या झाडाचा लेखी माग पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्यापर्यंत नेता येतो. त्यांचा भारतीय औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या सर्वांत जुन्या पुस्तकांपैकी तो एक. त्यात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. हे ओर्ता अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारात वैद्य म्हणून जात असत.

तीनशे वर्षांनंतर हेच अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मुंबई इलाख्यातले गांजाच्या लागवडीचे मुख्य केंद्र झाले होते. बंगालमध्ये राजशाहीजवळचे नौगाव, मध्य प्रांतात निमाडातले खांडवा आणि मुंबई इलाख्यात नगर, अशी गांजाची मोठी ठिकाणे होती. इकडचा गांजा पायांनी तुडवून चपटा केलेला असे. शेतकरी तो पिकवत, परवाना घेतलेले व्यापारी विकत घेत, आणि किरकोळ विक्रीचे मक्ते सरकार लिलावाने देई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याखाली हा सारा व्यवहार चाले. ज्वारी-बाजरीबरोबर बाजारात येणाऱ्या या मालाकडे सरकार एकाच नजरेने पाही, ती म्हणजे महसुलाची.

नगर जिल्ह्याची पूर्व हद्द ओलांडली की बीड जिल्हा लागतो. तेव्हा तेथे इंग्रजांचे राज्य नव्हते, निजामाचे होते. निजामाच्या राज्यातही मादक पदार्थ अबकारी खात्याकडेच होते. तेथला अबकारी कायदा १३१६ फसलीचा. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे साधारण १९०६. जामखेडच्या बाजूला दोन्ही राज्यांची हद्द वाकडीतिकडी होती. झाड, जमीन आणि पाऊस दोन्हीकडे सारखेच, फक्त कर आणि परवाने वेगळे. संस्थानांतून येणाऱ्या मालाने आपला महसूल बुडू नये, ही इंग्रज अधिकाऱ्यांची कायमची काळजी होती.

सात खंडांचा अहवाल

महसुलाची ही नजर १८९३ मध्ये प्रथमच गंभीरपणे हलली. त्या वर्षी मार्चमध्ये ब्रिटिश संसदेत मद्यपानविरोधी चळवळीतले सदस्य विल्यम केन यांनी गांजाचा प्रश्न मांडला. या पदार्थाने हिंदुस्थानातले लोक वेडे होतात, गुन्हे करतात आणि सरकार त्यावर पैसे कमावते, असा या चळवळीचा आक्षेप होता. त्यातून हिंदुस्थान सरकारने जुलै १८९३ मध्ये 'इंडियन हेंप ड्रग्ज कमिशन' नेमले. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. सदस्यांत कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते आणि तीन हिंदी गृहस्थही होते.

कमिशनने देशभर फिरून ११९३ साक्षीदारांची निवेदने गोळा केली. डॉक्टर, वैद्य, जिल्हाधिकारी, मिशनरी, जमीनदार, व्यापारी, सगळे त्यात होते. कलकत्त्यात डॉ. कनिंगहॅम यांच्याकडून एका माकडाला काही महिने गांजाचा धूर देऊन मेंदूवर काय परिणाम होतो तेही पाहिले. १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल तयार झाला.

निष्कर्ष अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळा होता. माफक सेवनाने शरीराला, मनाला किंवा चारित्र्याला बहुधा लक्षणीय अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि अतिसेवन करणारे तुलनेने थोडे आहेत, असे कमिशनने म्हटले. संपूर्ण बंदी केली तर लोक धोतऱ्यासारख्या अधिक घातक पदार्थांकडे वळतील, अशीही भीती त्याने व्यक्त केली. त्याची शिफारस बंदीची नव्हती, नियंत्रणाची होती. लागवड परवान्यानेच आणि मोजक्या ठिकाणी व्हावी, कर पुरेसा असावा, दुकाने मर्यादित असावीत आणि एका माणसाने किती माल जवळ बाळगावा त्यालाही मर्यादा असावी. राजा शशिशेखरेश्वर रॉय आणि लाला निहालचंद या दोन हिंदी सदस्यांनी मात्र आपली भिन्न मते स्वतंत्रपणे नोंदवली. अहवाल एकमताचा नव्हता, हेही विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

रकाना कोणी भरला?

या अहवालातला सर्वांत शिकण्याजोगा भाग वेड्यांच्या इस्पितळांविषयीचा आहे. मुंबई इलाख्यात तेव्हा कुलाबा, पुणे, रत्नागिरी, धारवाड, अहमदाबाद अशा ठिकाणी ही इस्पितळे होती. त्यांच्या वार्षिक अहवालांत वेडाच्या कारणांचा तक्ता असे, आणि त्यात गांजा ठळकपणे दिसे. 'गांजाने वेड लागते' या समजुतीला हाच सरकारी आकड्यांचा आधार होता.

कमिशनने एक साधा प्रश्न विचारला. हा तक्ता भरतो कोण?

उत्तर चकित करणारे होते. रुग्णाला बहुधा पोलीस आणत. सोबतच्या कागदावर 'वेडाचे कारण' असा एक रकाना असे आणि तो रिकामा ठेवणे बरे दिसत नसे. मग पोलीस नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना विचारत. 'गांजा ओढत होता का?' याचे उत्तर 'कधीकधी' असे मिळाले तरी रकान्यात 'गांजा' लिहिले जाई. इस्पितळात तोच शब्द नोंदवहीत उतरे. नोंदवहीतून तक्त्यात, तक्त्यातून वार्षिक अहवालात, आणि तेथून संसदेतल्या भाषणात. हवालदाराच्या अंदाजाला असे करत करत शास्त्रीय सत्याचा दर्जा मिळाला होता.

कमिशनने १८९२ या एका वर्षातल्या दाखल्यांची छाननी केली. त्या वर्षी एकूण १३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांतील २२२ जणांच्या नावापुढे गांजा, भांग वा चरस हे कारण होते. प्रत्येकाची माहिती नव्याने तपासली, तेव्हा केवळ ९८ रुग्णांच्या बाबतीत या पदार्थांचा संबंध टिकला. या ९८ मध्येही ३७ जणांना दुसरे कारण होते. केवळ याच पदार्थाकडे बोट दाखवता येईल असे उरले ६१.

वर्गात ही टक्केवारी जरूर काढून घ्यावी. २२२ म्हणजे सुमारे १६.५ टक्के, ९८ म्हणजे ७.३ टक्के आणि ६१ म्हणजे ४.५ टक्के. रुग्ण तेच, इस्पितळे तीच. बदलली ती फक्त पुरावा तपासण्याची पद्धत.

येथे एक इशारा द्यायला हवा. '६१' याचा अर्थ 'शून्य' असा होत नाही. आज गांजाच्या बाजूने बोलणारे काही लोक हा अहवाल 'गांजा निरुपद्रवी ठरला' म्हणून पुढे करतात. कमिशनने तसे म्हटलेले नाही. अतिसेवनाने, विशेषतः ज्यांच्यात आधीच मानसिक दुर्बलता आहे त्यांना, वेड लागू शकते हे त्याने मान्य केले. शिवाय त्याच्याजवळ गांजातले द्रव्य मोजण्याचे कोणतेच साधन नव्हते. त्या अहवालाचे मोल त्याच्या आकड्यांपेक्षा 'रकाना कोणी भरला?' या प्रश्नात अधिक आहे.

रेणू सापडायला उशीर

द्रव्य मोजता का येत नव्हते, तेही पाहू. १८३९ मध्ये कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या तरुण डॉक्टरने गांजाच्या अर्काचे प्रयोग आधी प्राण्यांवर आणि मग संधिवात, धनुर्वात, पिसाळरोग अशा रुग्णांवर केले होते. पिसाळरोग बरा झाला नाही, पण रुग्णाच्या यातना कमी झाल्या, असे त्याने प्रामाणिकपणे नोंदवले. त्याच्या लेखनामुळे हे औषध युरोपात पोचले. (हाच ओशॉनेसी पुढे हिंदुस्थानातल्या तारायंत्राचा जनक ठरला.) आपल्याकडे वैद्यांना भांग ठाऊक होतीच. शार्ङ्गधरसंहितेत 'व्यवायी', म्हणजे पचण्याआधीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्याचे उदाहरण म्हणून भांगेचे नाव येते.

पण अडचण अशी होती की अर्काची एक बाटली दुसरीसारखी नसे. अफूतून मॉर्फिन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच वेगळे झाले होते, कारण ते अल्कलॉइड आहे आणि आम्लाशी संयोग पावून त्याचे क्षार बनतात. गांजातली द्रव्ये तेलकट, पाण्यात न विरघळणारी आणि एकमेकांशी फार सारखी. त्यामुळे ती वेगळी होईनात. मात्रा ठरवता येत नाही असे औषध डॉक्टर हळूहळू सोडून देतात. ब्रिटिश औषधकोशातून १९३२ मध्ये आणि अमेरिकेच्या औषधकोशातून १९४२ मध्ये गांजा वगळला गेला.

१९६४ मध्ये इस्रायलच्या गाओनी आणि मेकुलम यांनी टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी, शुद्ध स्वरूपात वेगळे करून त्याची रचना ठरवली. नशा येते ती मुख्यतः याच रेणूमुळे. त्याच झाडातले कॅनाबिडिओल, म्हणजे सीबीडी, तशी नशा आणत नाही. १९८८ मध्ये मेंदूतल्या चेतापेशींवर टीएचसीला जागा देणारे ग्राही रेणू असल्याचे दिसले. शरीराने हे ग्राही गांजासाठी बनवलेले नसणार. मग शरीराचाच एखादा रेणू तेथे बसत असला पाहिजे. तो १९९२ मध्ये सापडला, आणि संशोधकांनी संस्कृत 'आनंद' या शब्दावरून त्याला 'आनंदामाइड' असे नाव दिले.

आता जुन्या प्रश्नाला नवी उत्तरे मिळू लागली. स्वीडनमध्ये लष्करात भरती झालेल्या ४५ हजारांहून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेऊन १९८७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी भरतीच्या वेळेपर्यंत पन्नासहून अधिक वेळा गांजावर्गीय पदार्थ घेतले होते, त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचे प्रमाण इतरांच्या सहापट आढळले. इतर कारणे हिशेबात घेतल्यावर हा आकडा बराच खाली आला, पण नाहीसा झाला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. प्रौढांच्या जुनाट वेदना, कर्करोगाच्या औषधांमुळे होणाऱ्या उलट्या आणि मल्टिपल स्क्लेरॉसिस या विकारातला स्नायूंचा ताठरपणा यांवर या वर्गातील औषधांच्या उपयोगाला भक्कम पुरावा आहे, असे तिने म्हटले. मनोविकृतीचा वाढता धोका आणि वाहनांचे अपघात यांच्याशी असलेल्या संबंधालाही भक्कम पुरावा आहे, असे त्याच आढाव्याने सांगितले. २०१८ मध्ये सीबीडीपासून बनवलेल्या एका औषधाला अमेरिकेत अपस्माराच्या दोन दुर्मिळ प्रकारांसाठी मान्यता मिळाली. म्हणजे औषध आणि अपाय या दोन्ही बाजू खऱ्या आहेत. कोणाला, किती, कोणत्या वयात, हे विचारल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही.

कपिलधारच्या जमिनीवरचे कायदे

आता त्या बांधावर परत येऊ. तेथली जमीन जागची हलली नाही, पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिच्यावरचे सरकार आणि कायदा वारंवार बदलला.

सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते. त्यानंतर १९५६ पर्यंत बीड जिल्हा भारतातल्या हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. मुंबई राज्यात १९४९ पासून दारूबंदीचा कायदा लागू होता आणि त्याने गांजा-भांगेलाही आपल्या कक्षेत घेतले होते. १९५९ मध्ये हा कायदा राज्यात नव्याने सामील झालेल्या भागांना लागू करण्यात आला. आज त्याचे नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा असे आहे.

राज्यांना हा अधिकार कोठून मिळाला? संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली ५१ वी नोंद पाहावी. अफू आणि 'इंडियन हेंप' यांच्यावर उत्पादनशुल्क लावण्याचा अधिकार तेथे राज्यांना दिला आहे. अनुच्छेद ४७ मध्ये आरोग्याला घातक अशा मादक पदार्थांना, औषधी उपयोग सोडून, बंदी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे मार्गदर्शक तत्त्व आहे. एका नोंदीत कर, दुसऱ्या अनुच्छेदात बंदी. १८९३ सालचा वाद आपल्या संविधानातही असा शेजारी शेजारी नांदतो.

दरम्यान प्रश्न देशाबाहेर गेला होता. १९२५ च्या जिनिव्हा करारात गांजाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली आणि १९३० मध्ये हिंदुस्थानात 'डेंजरस ड्रग्ज' कायदा झाला. १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात गांजा अफू-हेरॉइनच्या पंक्तीला बसला. भारताने त्या वेळी दोन गोष्टींचा लाभ घेतला. पहिली, करारातल्या 'कॅनाबिस'च्या व्याख्येतून फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया वगळलेल्या होत्या, त्यामुळे भांग बाहेर राहिली. दुसरी, पूर्वापार सेवन बंद करण्यासाठी पंचवीस वर्षांची मुदत होती. करार डिसेंबर १९६४ मध्ये अमलात आला, म्हणजे मुदत डिसेंबर १९८९ पर्यंत होती.

मुदत संपत आली असताना, १४ नोव्हेंबर १९८५ ला, केंद्राचा गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा अमलात आला. वर्तमानपत्रांत 'एनडीपीएस' म्हणतात तो हाच. त्याने 'गांजा' म्हणजे झाडाचा फुलोरा आणि चरस म्हणजे राळ अशी व्याख्या केली. फुलोऱ्यासोबत नसलेली पाने आणि बिया त्याने वगळल्या. भांग राज्यांकडे राहिली. म्हणून उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात परवान्याची भांगेची दुकाने दिसतात आणि महाराष्ट्रात मात्र परवान्याशिवाय भांग बाळगणे गुन्हा ठरतो.

२००१ च्या दुरुस्तीने शिक्षा वजनाशी जोडली. गांजा एक किलोपर्यंत असेल तर 'अल्प प्रमाण', वीस किलोपेक्षा अधिक असेल तर 'व्यापारी प्रमाण'. पहिल्याला आज एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, दुसऱ्याला दहा ते वीस वर्षे सक्तमजुरी. झाड लावण्याचा गुन्हा वेगळा, त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. त्यामुळे तराजूत काय घातले जाते याला फार महत्त्व आले. पाने, देठ, बिया यांच्यासह वजन करायचे की फक्त फुलोऱ्याचे? मुंबई उच्च न्यायालयासमोर २०२२ मध्ये जामिनाच्या एका प्रकरणात नेमका हाच प्रश्न आला आणि न्यायालयाने कायद्यातल्या व्याख्येकडे बोट दाखवले. फुलोरा आणि पान यांतला फरक अकरावीच्या प्रात्यक्षिकात एका गुणाचा असेल. येथे तो एखाद्या माणसाच्या दहा वर्षांचा असतो.

याच कायद्यात दोन दारेही आहेत. कलम १० खाली राज्ये परवान्याने लागवडीचे नियम करू शकतात आणि कलम १४ खाली सरकार धागा व बियांसाठी लागवडीला मुभा देऊ शकते. उत्तराखंडाने २०१८ मध्ये ०.३ टक्क्यांहून कमी टीएचसी असलेल्या वाणाच्या लागवडीला परवाने देण्यास सुरुवात केली. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने, इतर पिके परवडत नाहीत म्हणून गांजा लावण्याची परवानगी द्या, असा अर्ज प्रशासनाकडे केला तेव्हा ती विनोदी बातमी म्हणून वाचली गेली. सव्वाशे वर्षांपूर्वी शेजारच्याच नगर जिल्ह्यात हे पीक उघडपणे घेतले जात होते, हे बातमी वाचणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

अमेरिकेत काय झाले

अमेरिकेचा प्रवास उलट्या दिशेने वाचला तर अधिक बोधप्रद आहे. तेथे १९३७ मध्ये केंद्राने जबर कर लावून गांजा जवळपास बंद केला. प्रचारात 'मारिवाना' हा मेक्सिकन शब्द वापरला गेला. आपण वर्षानुवर्षे लिहून देत असलेले कॅनाबिस तेच हे, हे अनेक डॉक्टरांच्या लक्षातही आले नाही. अंबाडीच्या उलट हा प्रकार: तेथे दोन झाडांना एक नाव, येथे एका झाडाला दोन. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी नेमलेल्या समितीने १९४४ मध्ये प्रचारातले बरेच दावे टिकत नाहीत असे सांगितले. तो अहवालही आपल्या १८९४ च्या अहवालाप्रमाणे कपाटात गेला.

मग १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने लोकांच्या मतदानाने औषधी वापराला परवानगी दिली. २०१२ मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांनी प्रौढांच्या करमणुकीसाठीच्या वापरालाही दिली. २०२४ अखेरपर्यंत अशा राज्यांची संख्या २४ झाली होती. या साऱ्या काळात केंद्राचा कायदा मात्र त्याला मनाई करीत राहिला. एकाच दुकानात राज्याच्या कायद्याने व्यापार आणि केंद्राच्या कायद्याने गुन्हा, अशी ही स्थिती. निजाम आणि इंग्रज यांच्यामधली हद्द तेथे जणू दुकानाच्या गल्ल्यावरून जाते.

सगळे देश एकाच दिशेने चालले आहेत असेही नाही. उरुग्वेने २०१३ मध्ये, कॅनडाने २०१८ मध्ये आणि जर्मनीने २०२४ मध्ये प्रौढांना मर्यादित मुभा दिली. थायलंडने २०२२ मध्ये बंधने उठवली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने कॅनाबिसला १९६१ च्या करारातल्या सर्वांत कडक यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी काढले. बाजूने मत देणाऱ्यांत भारत होता. बाकीची आंतरराष्ट्रीय बंधने तशीच राहिली.

वर्गात काय सांगावे?

देशातील मादक पदार्थांच्या वापराची जी पाहणी एम्सने केली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे २.८ टक्के, म्हणजे तीन कोटींहून अधिक, लोकांनी आदल्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतला होता. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरात किंवा गल्लीत हा विषय पोचलेला असणारच. तेव्हा 'टाक ते आधी!' एवढे उत्तर पुरत नाही.

आम्हाला वाटते की शिक्षकांनी फळ्यावर तीन रकाने आखावेत. पहिला झाडाचा, दुसरा शरीराचा, तिसरा कायद्याचा. मुलांना माहीत असलेले प्रत्येक वाक्य योग्य रकान्यात लिहायला सांगावे आणि प्रत्येकापुढे 'हे कोणी तपासले?' असा प्रश्न ठेवावा. 'ही तर देवाची बुटी, तिचा काय अपाय?' हे वाक्य दुसऱ्या रकान्यात टिकत नाही. वाढत्या वयातल्या मेंदूला नियमित सेवनाचा धोका अधिक आहे, हे आता पुरेसे स्पष्ट आहे. 'एक झुरका आणि माणूस वेडा' हेही टिकत नाही. ते १८९२ च्या हवालदाराच्या रकान्यातले वाक्य आहे. आणि 'अमेरिकेत चालते' हे वाक्य तिसऱ्या रकान्यात लिहिले तरी बीड जिल्ह्यात त्याचा उपयोग नाही. येथे फुलोऱ्याचा एक तुकडा जवळ बाळगणे आजही गुन्हा आहे.

या तिसऱ्या रकान्यात आणखी एक ओळ अवश्य लिहावी, कारण ती फार कमी लोकांना माहीत असते. स्वतःहून उपचारासाठी पुढे येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, सेवन किंवा अल्प प्रमाण एवढाच गुन्हा असेल तर, याच कायद्याच्या कलम ६४-अ ने खटल्यापासून संरक्षण दिले आहे. भीतीपोटी घरात दडवून ठेवलेल्या एखाद्या मुलाला ही ओळ दवाखान्यापर्यंत नेऊ शकते.

त्या मुलाचा प्रश्न होता, गुन्हा नक्की कशात असतो? गुन्हा झाडात नसतो. तो समाजाने एका काळी, एका हद्दीत, हाती असलेल्या पुराव्यावर आखलेल्या रेषेत असतो. ती रेषा पाळायची असते, आणि पुरावा बदलला की ती पुन्हा तपासायचीही असते. पहिले काम नागरिकाचे, दुसरे विज्ञान शिकलेल्या नागरिकाचे. त्याची सुरुवात पान नीट ओळखण्यापासून होते.

बांधावरचे ते अंबाडीचे पान त्या मुलाने वहीत दाबून ठेवले. खाली त्याने नाव, कूळ, ठिकाण आणि तारीख लिहिली, आणि ओळख सांगणाऱ्या शेतकऱ्याचेही नाव लिहिले. रकाना कोणी भरला, हे त्याच्या नोंदीत तरी स्पष्ट होते.